हाण लांबवर!

काही वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिबेटमधल्या बौद्ध धर्मावरचं एक इंग्रजी पुस्तक हाताला लागलं. मूळ १८६३ सालचं, मग आपल्याकडे पुन्हा छापलेलं. कणा उन्हानं विटलेला, आत कसरीनं पाडलेली भोकं. पानं चाळायचं सोडून मी लेखकाच्या आडनावावरच अडकले. एमिल श्लागिन्टवाइट. ते जिभेवर बसायला मला दोन दिवस लागले, आणि बसल्यावर काही ते उतरेना.

जर्मन आडनावं आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. पुण्यात जर्मन शिकायला गेलेला प्रत्येक जण ‘मॅक्स म्युलर भवन’ म्हणतोच. म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, आणि हे जर्मनीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. त्याच्या पाठोपाठ लोहार, शिंपी, कोळी, विणकर असे व्यवसाय येतात. म्युलर गल्लोगल्ली भेटतील. श्लागिन्टवाइट मात्र बव्हेरियातलं आणि फार विरळ. आपलं आडनाव कसं लिहायचं हे या घरातल्यांना खुद्द जर्मनीतही अक्षर-अक्षर सांगावं लागत असणार.

शब्द फोडला की गंमत कळते. ‘श्लाग’ म्हणजे मार, हाण. मधला ‘इन्ट’ हा ‘च्या आत, च्या दिशेनं’ असं सांगणाऱ्या दोन छोट्या शब्दांचा बोलण्यात झालेला चुरा. आणि ‘वाइट’ म्हणजे विस्तीर्ण, लांबवरचं. आपल्या ‘वाईट’शी त्याचा काही संबंध नाही. सगळं मिळून, ‘हाण लांबवर!’ हे नाम नाही, विशेषणही नाही. हे क्रियापदासकट आख्खं वाक्य आहे, आणि तेही आज्ञार्थी.

अशा आडनावांना जर्मन अभ्यासक ‘वाक्यनावं’ म्हणतात. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ती पुष्कळ रुजली, विशेषतः भाडोत्री शिपायांमध्ये आणि गावोगाव फिरून काम शिकणाऱ्या कारागिरांमध्ये. ‘हेबनश्ट्राइट’ म्हणजे भांडण उकर. ‘श्लागिनहाउफन’ म्हणजे घुस गर्दीत आणि हाण. आपल्या नावाचा हा सख्खा चुलतभाऊच. ‘हासनफ्लूग’ म्हणजे नांगराचा तिटकारा कर. शेतात पाय न ठेवणाऱ्या कुणा कुणब्याच्या पोराला ते चिकटलं असावं. (आमच्याकडे नांगरे आहेत, त्यांनी हे ऐकावं.) या हासनफ्लूग घराण्यातल्या मुलींनी ग्रिम बंधूंना कासेल शहरात लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट सांगितली आणि ती १८१२च्या पहिल्या खंडात छापली गेली, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. इंग्रजीतला शेक्सपिअरही याच घडणीचा, भाला परजणारा. आपल्या ‘वाघमारे’तही एक क्रिया गोठलेली आहे, पण ती माणसाविषयी सांगते. जर्मन वाक्यनाव माणसाला हुकूम सोडतं.

हा हुकूम पहिल्यांदा कुणी कुणाला सोडला असेल? असं नाव कुणी स्वतः घेत नाही, चारचौघं ते देतात. हात सैल सोडून लाठी फिरवणारा, समोर कोण आहे ते न बघणारा एखादा दांडगट मला दिसतो. जत्रेत तो उतरला की भोवतालचे ओरडत असतील, हाण, हाण लांबवर! पुढे नावं कागदावर पक्की झाली, बापाचं नाव मुलाला लागू लागलं. दांडगट मातीआड गेला आणि त्याच्यामागे ओरडलेलं वाक्य पोरानातवंडांच्या कपाळी राहिलं.

त्यानंतर कित्येक पिढ्यांनी म्युनिकमध्ये योसेफ श्लागिन्टवाइट नावाचा नेत्रवैद्य होऊन गेला. त्याच्या मुलांपैकी हेरमान, आडोल्फ आणि रोबेर्ट या तिघांना आल्प्सचं वेड होतं. बर्फाच्या नद्या मोजायच्या, हवेचा दाब टिपायचा, दगड फोडून बघायचे. त्यांचं काम नामवंत निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फोन हुम्बोल्टच्या नजरेत भरलं. त्याच्या शिफारशीवरून ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानातलं अर्धवट राहिलेलं चुंबकीय सर्वेक्षण त्यांच्याकडे सोपवलं. ऑक्टोबर १८५४मध्ये तिघे भाऊ बोटीतून उतरले ते मुंबईला. तिथून दख्खन ओलांडत ते मद्रासकडे गेले. आपल्या घाटवाटांच्या मुलखात हे नाव असं एकदा येऊन गेलेलं आहे.

पुढची तीन वर्षं त्यांनी नावातला हुकूम शब्दशः पाळला. १८५५मध्ये आडोल्फ आणि रोबेर्ट गढवालातल्या अबी गामीनवर चढले आणि त्यांनी सुमारे ६,७८५ मीटर उंची नोंदवली. १८५६मध्ये हेरमान आणि रोबेर्ट वेष पालटून लेहहून निघाले, काराकोरम ओलांडून कुनलुन पर्वतही पार करून गेले. त्याबद्दल हेरमानच्या आडनावाला पुढे ‘साक्युनल्युन्स्की’ अशी रशियन धाटणीची शेपटी जोडण्यात आली, कुनलुनपलीकडचा अशा अर्थाची. ‘हाण लांबवर’ या नावापुढे कुठवर हाणलं याचा पत्ताच त्यांनी लिहून टाकला.

पण कुनलुनपलीकडे ते एकटे गेले नव्हते. यार्कंदचा मोहम्मद अमीन वाट दाखवत होता. कुमाऊँतल्या मिलमचा नैनसिंह रावत याच भावांकडे उपकरणं हाताळायला शिकला, आणि त्यानंतर काही वर्षांत ल्हासापर्यंत पावलं मोजत गेला. या दोघांची नावं मी इथं मुद्दाम लिहिते आहे. श्लागिन्टवाइट नावाचा अर्थ कोशात एका ओळीत मिळतो, पण तो खरा करून दाखवायला हे खांदे आणि हे पाय लागले.

आणखी एक गोष्ट मला सोडवत नाही. या भावांनी वाटेत भेटलेल्या माणसांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे काढले, अडीचशेहून जास्त. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, त्यावर ओला लगदा वाळेपर्यंत हलायचं नाही. माणसांची वर्गवारी करायला म्हणून हे चाललं होतं. विज्ञानाच्या नावाखाली केलेलं ते काम मला आज बघवत नाही. हाणण्याचा अर्थ जर्मनमध्येही मारणं असाच आहे, हे त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहताना विसरता येत नाही.

आडोल्फ मागे राहिला. १८५७च्या उन्हाळ्यात इकडे उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना तो काराकोरमच्या उत्तरेला उतरून काश्गरकडे निघाला होता. तिथं वली खान तोऱ्याचा अंमल होता. त्यानं आडोल्फला हेर ठरवलं आणि २६ ऑगस्टला त्याचं डोकं उडवलं. वय अठ्ठावीस. घरी नक्की काहीच कळेना. चोकान वलिखानोव हा कझाक अधिकारी व्यापाऱ्याच्या वेषात काश्गरला जाऊन १८५९मध्ये परतला, तेव्हा कुठे आडोल्फच्या शेवटाची खात्रीची हकीकत बाहेर आली. जर्मनमध्ये ‘विस्तीर्ण शोधणे’ असा एक वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ पोबारा करणे. तोच ‘वाइट’ शब्द त्यात आहे. आडोल्फला तेवढी संधीही मिळाली नाही.

एमिल हा या सगळ्यांत धाकटा. तो तिबेटला कधी गेला नाही. बव्हेरियाच्या सरकारी नोकरीत त्यानं आयुष्य काढलं. भावांनी खेचरांवर लादून आणलेल्या पोथ्या, चित्रांचे पट, छापाचे लाकडी ठसे त्यानं समोर मांडले, तिबेटी शिकला आणि विशीतच ते पुस्तक लिहिलं. माझ्या प्रतीत मंत्र छापलेली काही पानं अजून शाबूत आहेत. कसरीचं एक भोक मुखपृष्ठापासून थेट तिथपर्यंत गेलंय, वाटेत लेखकाच्या आडनावातल्या ‘इन्ट’मधून.