परभणीचा पुरावा फॉरवर्डमध्ये हरवू देऊ नका

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाबाहेर, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद, पाठोपाठ वस्त्यांमध्ये कोम्बिंग आणि धरपकड. १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी असलेला भीमसैनिक सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. या दिवसांचा खरा इतिहास कोणी लिहिला? वस्तीतल्या पोरांनी आणि आयाबहिणींनी, हातातल्या मोबाईलने.

पण तो इतिहास आज कुठे आहे? कोणाचा फोन बदलला, कोणी मेमरी भरली म्हणून डिलीट केले, कोणी भीतीने फेसबुक पोस्ट काढून टाकली. काहीजण म्हणतात, "इंटरनेटवर आहे की सगळं, कुठे जातंय?" मित्रांनो, हा भ्रम आहे. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या बहुजन कलाकारांचे व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. २०१७ मध्ये युट्यूबच्या यंत्रणेने सीरियातील अत्याचारांचे हजारो व्हिडिओ हिंसक म्हणून उडवले. कंपनीचा सर्व्हर ही आपली तिजोरी नव्हे.

विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सीसीटीव्हीचा दाखला देऊन कोठडीतील मारहाण नाकारली. शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. अखेर जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणजे नुसता आक्रोश पुरत नाही, कागद लागतो. सीसीटीव्ही त्यांच्या ताब्यात असतो. वस्तीचा कॅमेरा तरी आपल्या ताब्यात राहिला पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मूळ फाईल जपा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, तारीख-वेळेची मूळ माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. फाईलमध्ये किंचित जरी बदल झाला तरी ती व्हॅल्यू बदलते. दोन हार्ड डिस्क ठेवा, दोन वेगळ्या घरांत. कोणी, कुठे, केव्हा काढले, हे वहीत लिहा. बातम्या आणि सार्वजनिक पोस्ट वेबॅक मशीनमध्ये साठवा.

मात्र जपणे म्हणजे व्हायरल करणे नव्हे. चेहरे दिसणारे चित्रण जाहीर केले तर आपल्याच पोरांवर गुन्हे लागतील. कोणते केव्हा बाहेर काढायचे, हे वकिलांना विचारून आणि त्या माणसाच्या संमतीनेच ठरवा.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, कारण आपली बाजू दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत येत नव्हती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. लोकांनी रेटा लावला, वसंत मून यांच्यासारखी माणसे राबली, तेव्हा १९७९ पासून ते खंड आपल्या हाती आले. कागद जपला म्हणून विचार वाचला.

उद्या एखादी मुलगी विद्यापीठात परभणीवर संशोधन करेल. तिच्यासमोर फक्त पोलिसांचा पंचनामा असावा की वस्तीचे म्हणणेही? याचे उत्तर आज आपल्या मोबाईलमध्ये आहे. या रविवारी विहारात बसा, हार्ड डिस्क आणा, कामाला लागा.

जय भीम! जय संविधान!