उपाशी राखणदार

मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी जाणारा नागपूरकर नोकरदार अलीकडे घराची राखण धोक्याच्या घंटेवर सोपवितो. वीज गेली तरी आत बॅटरी आहे, हा त्याचा दिलासा. परंतु बॅटरी वीज निर्माण करीत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ती मिळकत नव्हे, शिल्लक आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीतून अर्धा अँपिअर खर्च होत राहिला, तर हिशेबाने १४ तास निभतात; प्रत्यक्षात त्याहून कमीच. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. नागपूरचा उन्हाळा हा ऱ्हास अधिकच वाढवितो. अशा वेळी निघताना मेन स्विच बंद करण्याची आपली जुनी दक्षता म्हणजे राखणदाराला उपाशी ठेवणेच होय!

परंतु दोष केवळ गृहस्थाचा नाही. २००५ नंतरच्या भारनियमनात, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे शेजारी असूनही विदर्भाने अंधार सोसला. सार्वजनिक तुटवड्याचा भार तेव्हा खासगी खिशावर पडला. ऐपत असलेल्यांनी इन्व्हर्टर घेतले, इतरांनी मेणबत्त्या. आज ते दिवस सरले असले, तरी वादळाने वा दुरुस्तीसाठी वीज जातेच. दुरुस्तीची वेळ आगाऊ कळविणे हे वितरण यंत्रणेचे कर्तव्य आहे. घंटेची जोडणी चालू ठेवून, निघण्यापूर्वी बॅटरी तपासणे हे आपले. शिल्लक संपल्यावर हिशेब तपासण्यात शहाणपण ते कोणते?