मागूरच्या पोटातली पांढरी फीत

अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजारात मागूर आणि मरळ टबात जिवंत मिळतात. घरी मासा साफ करताना कधी आतड्यातून पांढरी, चपटी, वळवळणारी फीत निघते. पालकसभेला आलेल्या आया मग हळूच विचारतात, "टीचर, मासा फेकून द्यायचा का?"

फेकू नका. हा कृमी आतड्यात राहतो, आणि आतडे आपण टाकतोच. हात-सुरी धुवा, मासा नीट शिजवा. माशातून माणसाला होणारा पट्टकृमी वेगळा. तो मुख्यतः थंड मुलखातल्या सरोवरांचे मासे कच्चे खाणाऱ्यांना होतो.

आपल्या घरात जुनी माणसे पट्टकृमीला 'कद्दूदाने' म्हणतात. फार नेमका शब्द आहे. माणसाच्या पोटातून पडणारे त्याचे तुकडे भोपळ्याच्या बियांसारखेच दिसतात. पण मागूरमध्ये सापडणाऱ्या एका मोठ्या गटाला असे दाणेच नसतात. सगळे शरीर सलग, नर आणि मादी अवयवांचा एकच संच. अंडी माशाच्या विष्ठेतून चिखलात जातात, तिथे गांडुळाच्या जातीचे बारीक किडे ती गिळतात, आणि त्या किड्यांना मागूर खातो.

या कृमींचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ झाला, विशेषतः औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात. तिथल्या जी. बी. शिंदे यांनी 1968 मध्ये मरळच्या कुळातल्या माशातून 'सर्कमऑन्कोबोथ्रियम' नावाची नवी प्रजातीच मांडली. नावातच खूण आहे: डोक्याभोवती आकड्यांचे सलग कडे. पुढे अभ्यासकांनी ती 1934 साली डॉल्फस यांनी मांडलेल्या 'सेंगा'तच धरली.

नवी जात ठरवायची म्हणजे काम चिकाटीचे. कृमी काढून धुवायचा, फॉर्मेलिनमध्ये टिकवायचा, रंगवायचा, अल्कोहोलमधून काढून काचपट्टीवर बसवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोके, वृषणे, अंडाशय यांची मापे घ्यायची, चित्र काढायचे आणि आधीच्या प्रत्येक जातीशी ताडून पाहायचे. गडबड सुरुवातीलाच होते. मासा मरून तास उलटले की कृमी कुजू लागतो. दोन काचांत दाबला की पसरतो, आणि मापे बदलतात. तोच कृमी, पण कागदावर 'नवी जात'!

ही भीती पोकळ नाही. 2011 मध्ये अनिर्बाण ॲश, टोमास शोल्झ आणि सहकाऱ्यांनी भारत व आग्नेय आशियातल्या मागूरमधून नोंदलेल्या या बिनदाण्यांच्या कृमींची 59 नावे तपासली. टिकली फक्त 8.

मला यात केवळ निष्काळजीपणा दिसत नाही. प्रबंधात 'नवी जात' असली की वजन येते, हे आपणच ठरवले आहे. जुन्या जातीचे जीवनचक्र उलगडणाऱ्याला टाळ्या कोण देतो? कष्ट तर दोघांचे सारखेच, उलट दुसऱ्याचे जास्त.

आता चांगले अभ्यासक ताज्या माशातला कृमी न दाबता गरम फॉर्मेलिनमध्ये टाकतात, त्यामुळे तो सरळ, आपल्या खऱ्या आकारात राहतो. एक तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवतात. आणि ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो संग्रहालयात जमा करतात. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर तीच काचपट्टी मागवून पाहता येते.