उभ्या मुली

आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या महिन्यात एक मोठे दुकान उघडले. देशभर शाखा असलेल्या कंपनीचे ते दुकान; खाली कपडे, वरच्या मजल्यावर चादरी, पडदे, भांडी आणि बैठकीच्या खोलीचे सामान. पहिल्याच रविवारी मी घरच्यांबरोबर गेलो. पत्नी पडदे पाहत होती आणि एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी एकामागून एक घड्या उलगडून दाखवत होती. मी विक्रीसाठी मांडलेल्या सोफ्यावर टेकलो होतो, म्हणून मला तिचे पाय दिसले. ती एका बुटातून टाच बाहेर काढी, भार दुसऱ्या पायावर घेई, आणि थोड्या वेळाने पाय बदली. मी म्हणालो, “बस ना जरा, बाळ.” ती हळूच म्हणाली, “नको काका, कॅमेरा आहे.” सकाळी अकराला आलेली ती मुलगी जेवणाची अर्धी सुट्टी सोडली तर रात्री नऊपर्यंत बसणार नव्हती. त्या मजल्यावर सोफे होते, जेवणाच्या टेबलाभोवती मांडलेल्या खुर्च्या होत्या, दमलेल्या गिऱ्हाइकांसाठी बाकही होते. तिथे काम करणाऱ्यांसाठी साधे स्टूलही नव्हते.

कंपनीला बोल लावून मोकळे होणे सोपे आहे, आणि तिचा दोष आहेच. पण हा नियम तिने आपल्याला शिकवलेला नाही. आपल्या समाजात कोण कोणासमोर, किती उंचीवर आणि कशावर बसतो यावरून माणसाची पायरी ठरत आली आहे. चावडीवर पाटील-कुलकर्णी बैठकीवर बसत आणि निरोप घेऊन आलेला महार अंगणाबाहेर उन्हात ताटकळे. सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसली तर तिच्या माहेरचा उद्धार होई. पंगतीत वाढणारीने शेवटचा माणूस उठेपर्यंत वाकत-उठत राहावे आणि उरलेले अन्न चुलीपाशी खावे, याला आपण संस्कार म्हटले. आजही घरकामाला येणारी मावशी चहा घेताना जमिनीवर टेकते. शेजारी खुर्ची रिकामी असते. तिला तसे कोणी सांगत नाही, हे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. सांगावे लागत नाही, इतके ते तिच्या आणि आपल्या हाडांत मुरले आहे. माझ्या घरीही वर्षानुवर्षे हेच चालले आणि मला ते दिसले नाही.

जुन्या कापडपेठेत एक गोष्ट निराळी होती. पांढऱ्या गादीवर दुकानदार आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसत, ठाणे उलगडत आणि सावकाश भाव करत. ते आठवून हळहळणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की त्या गादीवर विकणारी स्त्री कधी पाहिली होती काय? आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर पायरीखाली उभे करून कापड वरून टाकले जाई. ज्यांच्या आज्यांना त्या गादीला शिवता आले नाही, अशा घरांतल्या मुलीही आज दुकानात नोकरी करतात, स्वतःचा पगार घरी नेतात. हा बदल मोठा आहे, मोलाचा आहे. परंतु त्यांना आत घेताना आपण बैठकच काढून टाकली.

दिवसभर उभे राहिल्याने काय होते ते डॉक्टर जाणतात. पाय सुजतात, पोटऱ्यांवरच्या शिरा फुगतात, कंबर धरते. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात ही शिक्षा दुप्पट होते. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 44 व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सक्तीची केली, म्हणजे कामात मिळालेल्या सवडीत त्यांना टेकता यावे. कारखान्यातला देह दमतो हे आपण मान्य केले. काउंटरमागचा देह दमतो, हे मान्य व्हायला केरळमध्ये 2018 साल उजाडावे लागले. तिथे कोळिकोडच्या बाजारपेठेतील बायका पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या पुढाकाराने संघटित झाल्या. त्यांची लढाई सुरू झाली ती स्वच्छतागृहासाठी, कारण ते नसल्याने त्या दिवसभर पाणीच पीत नसत. पुढे त्यांनी बसण्याचा हक्क मागितला आणि तो कायद्यात आणवला. तामिळनाडूने 2021 मध्ये तशीच दुरुस्ती केली. या वाटेने पहिले पाऊल टाकणाऱ्यांत आपण होतो. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना उभे केले आणि 10 जून 1890 रोजी मालकांकडून रविवारची सुट्टी मान्य करून घेतली. त्या सुट्टीचा वारसा आपल्याला लाभला. त्याच रविवारी आपण कुटुंबासह दुकानात जातो आणि उभ्या मुलींकडून घड्या उलगडून घेतो.

आपण आत गेल्यावर काउंटरमागची मुलगी उठली नाही, तर आपल्याला अपमान वाटतो. मला वाटत आला आहे. ही भावना तपासून पाहिली तर तिच्या तळाशी तीच जुनी चावडी सापडते. मालक म्हणतो, गिऱ्हाइकाला बसलेली मुलगी आवडत नाही. तो खोटे बोलत नाही. तो आपले मन वाचून नियम करतो. म्हणून हा नियम मोडायचा तर त्याची सुरुवात गिऱ्हाइकालाच करावी लागेल, आणि ती करता येते.

गेल्या आठवड्यात आम्ही वाचनालयातले पाच जण त्या दुकानाच्या व्यवस्थापकाला भेटलो. प्रत्येक विभागात दोन स्टुले ठेवा आणि गिऱ्हाईक नसताना मुलींना बसू द्या, एवढेच मागितले. तो तरुण नम्र होता. मुख्य कार्यालयाला विचारावे लागेल, म्हणाला. बोलताना तोही उभाच होता. येत्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी घरच्या बायकाही बरोबर येणार आहेत.