शिक्षकाची जागा यंत्र घेईल काय?

वाचकहो, मरोळ नाक्यावरून सीप्झच्या बाजूस आपण अनेकदा गेला असाल. निर्यातीसाठी 1973 मध्ये स्थापन झालेल्या या क्षेत्रात संगणकाच्या आज्ञावली लिहिल्या जातात व त्या सातासमुद्रापार जातात. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून मात्र 2020 च्या टाळेबंदीत एका खोलीत एक मोबाईल आणि त्याच्या भोवती दोन-तीन भावंडे, असा देखावा होता. मोबाईल वडिलांचा, वडील कामावर गेले की शाळाही त्यांच्या खिशातून निघून जाई. तो काळ सरला, शाळा पुन्हा भरू लागल्या; परंतु त्या काळाने मागे ठेवलेला एक विचार आपल्या घरांत अद्याप मुक्कामास आहे. तो असा की, सर्व विद्या आता मोबाईलमध्ये आली आहे, तेव्हा शिक्षकाची मातब्बरी ती काय? हा विचार आपल्या समाजाला घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मागच्या पिढीने वर्गाबाहेर बसून धडे ऐकले. आडनाव ऐकताच ज्यांची नजर बदलते असे शिक्षक आजही भेटतात. यंत्र जात विचारीत नाही, पाण्याचे भांडे वेगळे ठेवीत नाही, पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी कपाळाला आठी घालीत नाही. मग आपल्या मुलांनी यंत्राचीच कास का धरू नये?

याला उत्तर असे की, यंत्र जात विचारीत नाही हे खरे; पण आपले मूल तिसऱ्या ओळीवर का अडले, काल उपाशी झोपले काय, चार दिवस दिसले का नाही, हेही ते आपण होऊन विचारीत नाही. दुष्ट शिक्षकावरचा उपाय शिक्षक नसणे हा नव्हे. चांगला शिक्षक आणि कडक कायदा हाच होय. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. त्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली आहे. वंचित गटातील बालकाशी भेदभाव होऊ न देण्याचे कर्तव्य 8 व्या कलमाने शासनावर आणि 9 व्या कलमाने महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेवर टाकले आहे. ही शस्त्रे आपण वापरावयाची की म्यानात ठेवून मुलाच्या हाती मोबाईल द्यावयाचा, हा विचार आपण करावा.

टाळेबंदीत साधनांचा अगदीच दुष्काळ होता असे नाही. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 पासून होते. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली. मुंबई महापालिकेने तर 2015 मध्येच आठवीच्या विद्यार्थ्यांस टॅब वाटले होते. तरी मुले मागे पडलीच. ‘असर’च्या 2021 च्या ग्रामीण पाहणीत शाळेत नाव असलेल्या सुमारे 68 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण अशा घरांतीलही सुमारे 26 टक्के मुलांच्या हाती तो कधीच पडत नव्हता. शिवाय ज्यांच्या हाती पडला, त्यांनी त्यावर काय पाहावे आणि पाहिलेले समजले की नाही, हे कोणी पाहावयाचे? ते काम शिक्षकाचेच होते. ज्या शिक्षकांनी दूरध्वनीवरून एकेका मुलाची चौकशी केली, अभ्यासाचे कागद घरी पोहोचविले, त्यांची मुले टिकली, हे आपण आपापल्या वस्तीत पाहिलेच आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. परंतु त्यांच्या वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड होती, हे ओळखून त्यांनी पुस्तके त्या भाषेत आणली. ही मुले कोठे अडतात हे कोडाने शोधून काढले नाही. शिक्षकाने शोधले आणि मग कोड कामास लावला. यंत्र आणि शिक्षक यांचे योग्य नाते हेच होय. ज्ञानाच्या महाजालात शिक्षकाचे महत्त्व घटत नाही, उलट वाढते. कारण खऱ्याबरोबर खोटेही तेथे त्याच वेगाने येते, आणि निवडून घेण्याची, पुरावा मागण्याची सवय मुलाला माणसाकडूनच लागते.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचताना कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी पाहिले. ते त्या शाळेचे शिक्षक नव्हते. तरी त्यांनी त्याची विचारपूस केली, पुस्तके दिली, 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यास हातभार लावला. पुस्तके मुंबईत पुष्कळ होती. या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे हे जाणणारा माणूस मात्र विरळा होता.

आता कायद्याची स्थिती पाहा. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये गरीब विद्यार्थ्यांस साधने पुरविण्याचा आदेश दिला. त्यास सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्थगिती दिली. म्हणजे यंत्रावरील हक्क वादाच्या फेऱ्यात सापडला. शिक्षकावरील हक्क मात्र कायद्याच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेला आहे. 24 व्या कलमानुसार प्रत्येक मुलाची ग्रहणशक्ती पारखून लागेल ते जादा शिकविणे आणि पालकांच्या नियमित सभा घेणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. 25 व्या कलमाने विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात शिक्षक नेमणे बंधनकारक केले आहे. रिकाम्या खुर्चीपुढे पडदा टांगून हे कलम पाळले जात नाही.

सधनाच्या मुलाला शिक्षकही मिळतो आणि यंत्रही. गरिबाच्या मुलाला शिक्षकाऐवजी यंत्र मिळाले, तर जुनीच विषमता नव्या वेषात आपल्या दारी उभी राहील. म्हणून माझी आपणास विनंती आहे. महापालिका वा अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे 21 वे कलम सांगते. त्या जागा आपल्या माताभगिनींनी घ्याव्यात आणि पहिल्याच सभेत विचारावे: मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि टॅबवरचा पाठ झाल्यावर मुलांना प्रश्न कोण विचारतो? शिकवणीच्या ॲपसाठी हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद जाणत्याकडून वाचून घ्यावा; शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर 2021 मध्ये पालकांस असाच इशारा दिला होता. आणि आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन सायंकाळी वस्तीतील मुलांजवळ बसावे. मोबाईल खुशाल मध्ये असू द्या. पण त्याच्या शेजारी एक माणूस असलाच पाहिजे.