दारची वेल आणि दयाळू माणसं

झाडावर दया करणारी माणसं अलीकडं खेड्यातसुद्धा फार झालीत. तासगावकडं आमच्या दारात मांडवावर थॉमसनची एक वेल आहे. एप्रिलात तिची खरड छाटणी सुरू केली की येणारा-जाणारा हळहळतो, ‘‘अहो, भरली पालवी कशाला तोडता? बघा, रडायला लागली!’’ छाटल्या टोकातून ठिबकतं ते मुळांनी वर ढकललेलं पाणी. त्यात रडणं कुठलं आलं?

द्राक्षाचा घड येतो नव्या फुटीवर, आणि ती फूट यावी लागते त्याच वर्षी पिकलेल्या काडीच्या डोळ्यातून. म्हणून एप्रिलात जुनी काडी एका डोळ्यावर आणायची. नवी फुटते, तिच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या उन्हात घड धरतो. पाल्याच्या गर्दीत झाकलेल्या डोळ्याला नुसती बाळी येते. पाऊस ओसरून काडी तपकिरी, कडक झाली की ऑक्टोबरात सहा-सात डोळे राखून दुसरी छाटणी. (मळ्यात त्यानंतर डोळ्यांना पेस्ट लावतात. दारच्या वेलीला मी लावत नाही. फूट मागंपुढं येते, येऊ दे की.)

शहरातले हौशी बागवाले पुस्तक पुढं करतात: वर्षातून एकदाच, ऐन थंडीत छाटा. ते पुस्तक बर्फाच्या मुलखातलं. तिकडं वेल पानं गाळून झोपते. आमची झोपतच नाही, तिला कात्रीनंच थांबवायचं आणि कात्रीनंच उठवायचं. जानेवारीत इथं कात्री चालवाल तर भरत आलेले घडच खाली पडतील.

वाटणीत दुसरी वेल चुलतभावाकडं गेली. त्यांनी ती ‘लेकरासारखी’ जपली, चार वर्षं कात्री लावली नाही. आता मांडवावर पाल्याचं रान माजलंय, खाली उजेड नाही, पानांवर भुरी, घड एक नाही. आणि तीच दयाळू माणसं म्हणतात, वेल वांझोटी निघाली, तोडून टाकू, गाडी लावायला जागा होईल. आई फणकारली, ‘‘हात चालवला न्हाई आन् नाव वेलीला ठेवत्यात व्हय?’’

खोडाची साल नखानं खरवडून बघितली मी. आत हिरवं आहे. एप्रिल आणि ऑक्टोबर, दोनदा मला कात्री घेऊन मांडवावर चढू द्या, फेब्रुवारीपर्यंत वाट बघा. कुऱ्हाड काय, तेव्हाही घरातच असेल.