परमिटवरचा ‘इंजिनिअर’

ओमानमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून इंजिनिअरचं वर्क परमिट काढायला वा रिन्यू करायला व्यावसायिक वर्गीकरणाचं सर्टिफिकेट लागतं. १ सप्टेंबरपासून अकाउंटंट, ऑडिटरही त्यात आले. पात्रता तपासण्यात गैर काहीच नाही. पण आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, इंजिनिअरसाठी तसा देशपातळीवरचा परवानाच नाही. हातात उरते पदवी आणि अनुभवाचं पत्र. सीबमध्ये वीस वर्षं साइट सांभाळणारा डिप्लोमावाला परमिटवर ‘इंजिनिअर’ असेल, तर खरी पंचाईत त्याची. परमिट अडलं की बायको-मुलांचा व्हिसाही लटकतो. जुनी कंपनीच बंद पडली असेल तर पत्र देणार कोण? अशांची कामावरच चाचणी घ्यावी. तोवर मंडळी, परमिटवरचा हुद्दा आजच बघून ठेवा.